तळहातावरची चव

दिनू गेला त्याच्या आधीच्या रविवारी आमच्या घाटकोपरच्या घरी आला होता. चपला दारात, पाय थेट स्वयंपाकघरात. आमच्या हिच्या हातातली पळी काढून घेतली, आमटीचा थेंब तळहातावर टाकला, जिभेला लावला, डोळे मिटले... जणू आता पडदा उघडणार! "वहिनी, चिंच घाईत घातलीत." हिने लाटणं उगारलं. शाळेपासूनच्या आमच्या दोस्तीत हा प्रयोग कधी चुकला नाही, आणि वाईट म्हणजे त्याचं निदानही कधी चुकलं नाही.

साकीनाक्याच्या एका शेडमध्ये तो औषध कंपन्यांना लागणारी रसायनं बनवायचा. गिरणी कामगाराचा मुलगा, केमिस्ट्रीत पहिला वर्ग. तिथेही तीच खोड. तयार पावडरची चिमूट तळहातावर, मग जिभेवर. "मशीन चुकेल रे, जीभ नाय चुकायची!" "मेल्या, एक दिवस वर जाशील," मी म्हणायचो, आणि दोघेही खो खो हसायचो.

त्या रविवारी जेवताना तो खुशीत होता. सफारी सुटातल्या एका गिऱ्हाइकाने नवं काम दिलं होतं. "वेदनाशामक आहे. काम अफूचं, पण अफूशिवाय कारखान्यात बनणारं. मूळ रेणूचं फक्त एक टोक बदललंय."

"बेकायदा तर नाही ना?"

"अमली पदार्थांचा नवा कायदा यादी बघतो, यार. यादीत हे नावच नाही!" तो हसला... पण आमच्या हिच्याकडे न बघता.

शेडमध्ये तो सापडला तेव्हा तळहातावर पांढरे कण होते. डॉक्टर म्हणाले, श्वास थांबला; असल्या पावडरचा दिसेल न दिसेल इतका कणही पुरतो. पोलिसांनी मालाची बरणी सील केली, तपासणी झाली, आणि दिनूचं म्हणणं खरं निघालं. यादीत नाव नव्हतं.

गेल्या आठवड्यात सफारीवाला ती बरणी मागायला चौकीत आला. माल दिनूच्या शेडमधला, म्हणून त्याच्या बायकोला, शैलावहिनींना, बोलावणं आलं. मी सोबत गेलो. फौजदार अवघडले होते. "बाई, यादीत असतं तर यालाच आत टाकला असता. आता हा त्याचा माल झाला."

"नेऊ देत ना," वहिनी शांतपणे म्हणाल्या आणि सफारीवाल्याकडे वळल्या. "पण ह्यांनी हातावर घेऊन चव बघितली होती. तुम्हीही बघा. करा हात पुढे."

काय सांगू, तो हात खिशात गेला! नाटकं पुष्कळ पाहिली, पण इतकं स्पष्ट स्वगत कधी ऐकलं नव्हतं. फौजदारांनी तो हात पाहिला आणि बरणी परत कपाटात ठेवली. "मृत्यूचा तपास अजून चालू आहे," म्हणाले. पण किती दिवस चालू ठेवतील? तोवर हा माणूस दुसऱ्या शेडमध्ये, दुसरं टोक बदलून... आणि दिनूला नेमकं किती माहीत होतं? विचारायला तो नाही.

परवा मुलुंडला वहिनींकडे गेलो. आमटी उकळत होती. पळी भरून त्या सवयीने दाराकडे वळल्या, मला पाहून थबकल्या. मग म्हणाल्या, "भावोजी, हात पुढे करा."

केला. थेंब चटका देणारा होता. मीठ घालायचंच राहिलं होतं.

"झकास!" मी म्हणालो.

वहिनींनी स्वतःच्या तळहातावर थेंब घेतला, चाखला. "ह्यांनी शेजारी ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं असतं," म्हणाल्या, आणि मिठाची बरणी काढली.