चौथ्या मिनिटाला मी बोलले ते

नव्या धंद्यांच्या स्पर्धेत पाच मिनिटं मिळणार होती. तेवढ्यात आपली वस्तू दाखवायची, ती कोण विकत घेईल ते सांगायचं आणि परीक्षकांच्या गळी उतरवायची. याला पिच म्हणतात हे मला तेव्हाच कळलं. आमची वस्तू म्हणजे कडक भाकरी, पण तळहाताएवढी, पाकिटात मावणारी, सोबत शेंगाचटणीची पुडी. कल्पना माझी, पाकीट माझं, बडबडही माझीच. भाकरी मात्र माझ्या थोरल्या जावेची. तिच्याइतकी पातळ भाकरी मला आजतागायत थापता आलेली नाही.

मी तिला अक्का म्हणते. मामंजींसमोर अहोजाहो, स्वयंपाकघरात अगंतुगं. दुपारची जेवणं उरकली की आमची तालीम सुरू व्हायची. अक्का परातीपुढे बसून भाकऱ्या थापायची, मोबाइलवर वेळ लावायची आणि मी फळीवरच्या डब्यांना परीक्षक समजून बोलायची. आठवडाभरात माझं सगळं भाषण तिला माझ्याआधी पाठ झालं.

"हितं दम घे की," ती मध्येच म्हणायची. "आगगाडी हायस का तू?"

स्पर्धेआधी आम्हाला शिकवायला एक मॅडम यायच्या. त्या म्हणाल्या, भाकरी छान आहे, पण यात गोष्ट कुठे आहे? ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. घरी येऊन मी हे अक्काला सांगितलं, तर ती परातीवर वाकून हसायला लागली. "भाकरी खाताना रडायचं कशापायी? चटणी लई तिखट कर, आपोआप येतंय पाणी." मग आम्ही चौथ्या मिनिटाला मामंजींचा डबा घातला. सासूबाई त्यांना गिरणीत न्यायला कडक भाकरी कशी बांधून द्यायच्या, एवढंच. रडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि आम्हाला ते पुरेसं वाटलं.

खरी गोष्ट आमच्या घरात होती, पण ती बोलायची नव्हती. माझे थोरले दीर, म्हणजे अक्काचे यजमान, आठ वर्षांपूर्वी पुण्याला नोकरीला गेले आणि तिथेच त्यांनी दुसरा संसार थाटला. आम्ही विचारणाऱ्यांना सांगायचो, पुण्यात असतात, सुट्टी मिळत नाही. दिवाळीला मामंजी स्वतः साडी आणायचे आणि पुण्याहून आली म्हणायचे. ती नेसून अक्का वळसंगला माहेरी जायची. तिच्या म्हाताऱ्या आईला जावई कामात गुंतलेला आहे एवढंच ठाऊक होतं. खरं काय ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. अक्का एकदा कुणालाही न सांगता पुण्याला जाऊन आली होती. पत्ता शोधला, जिना चढली. दारापुढे लहान पोराच्या चपला होत्या. तिने बेल वाजवली नाही, तशीच एसटीने परत आली. तालमीच्या एका दुपारी तिने हे मला सांगितलं, आणि सांगताना तिचा थापणारा हात थांबला नव्हता.

स्पर्धा एका कॉलेजच्या सभागृहात होती. माझ्या आधीच्या मुलीने वडिलांचं आजारपण सांगितलं आणि एका परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला घाम फुटला. मी बोलायला लागले. अक्का स्टेजखाली भाकऱ्यांचं ताट घेऊन उभी होती आणि माझ्याबरोबर तिचे ओठ हलत होते. तीन मिनिटं झकास गेली. मग एका परीक्षकाने मोबाइल पाहिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही भाकरी थापणारी बाई तुमच्यासमोर उभी आहे." पुढचं सगळं बोलले. पुणं, दुसरा संसार, जिना, चपलासुद्धा. निघून गेलं म्हणते आहे खरी, पण एकेक शब्द मी निवडून बोलत होते.

अक्काचे ओठ थांबले होते.

भाषणानंतर नमुना वाढायचा असा नियम होता. तिला ताट घेऊन परीक्षकांपुढे जावंच लागलं. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. एका परीक्षक बाईंनी भाकरी घ्यायची सोडून तिचा हात धरला. अक्का पाहुण्यांना म्हणते तशी म्हणाली, "घ्या की, घ्या."

आमचा पहिला नंबर आला. तिलाही वर बोलावलं, हातात माईक दिला, दोन शब्द बोला म्हणाले. "भाकरी ज्वारीची हाय," एवढं म्हणून तिने माईक परत केला.

रिक्षात तिने रिकामं ताट मांडीवर धरलं होतं. मी तिच्या शिव्यांची वाट बघत होते. तिने घरी जाऊन स्वयंपाक केला. आयोजकांनी व्हिडिओ टाकला आणि तिसऱ्या दिवशी तो वळसंगला पोचला. तिच्या आईने तो शेजारणीच्या मोबाइलवर ऐकला. चौथ्या दिवशी भाऊ न्यायला आला. मामंजी उंबऱ्यात उभे राहिले, त्यांच्याच्याने थांब म्हणवलं नाही. माझ्याच्याने तर नाहीच.

महिन्याने मी वळसंगला गेले. बसमध्ये माफीची तालीम केली, देवा, तीसुद्धा केली. अक्का अंगणात शेंगा फोडत होती. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेली. अक्काने मला चहा दिला.

"धंदा चाललाय न्हवं?"

"चाललाय."

"भाकऱ्या कोण थापतंय?"

"बायका ठेवल्यात."

"पातळ येत्यात का?"

मी नाही म्हणून मान हलवली, आणि पाठ केलेलं सगळं विसरून रडायला लागले. चुकले म्हणाले, पाया पडते म्हणाले. तिने मला रडू दिलं.

"कुणाला सांगू नको, असं मी तुला कवा म्हणलं न्हवतं," ती म्हणाली. "तुला तसं सांगावं लागंल, असं वाटलंच न्हाय."

मग माझ्यापुढचा रिकामा कप उचलून ती विसळायला आत गेली.