सालेहच्या घरची कॉफी

मिशिगनमधल्या ट्रॉयचे मनोहरकाका परचुरे यांना कुठलाही दुकानदार फसवू शकत नाही, असं ते स्वतःच सांगत. त्या रविवारी अस्सल येमेनी कॉफी पाजतो म्हणून त्यांनी महाराष्ट्र मंडळातले आठ जण बोलावून ठेवले आणि मग येमेनच्या सालेहच्या दुकानात गेले.

"अंकल, या बिया घ्या, एक नंबर माल!" सालेह म्हणाला.

"गिऱ्हाइकाला देतोस ते नको रे. घरी पितोस ते दे!"

सालेहनं हसत पिशवी भरली. काका छाती फुगवून घरी आले. सून रेणूनं पिशवी उघडली. "बाबा, यात नुसती टरफलं आहेत!"

काकांनी तणतणत फोन लावला.

"अंकल, आमच्याकडे चांगल्या बिया परदेशी विकतात," सालेह म्हणाला. "घरी सालीच उकळतो, आलं घालून."

काकांनी फोन ठेवला. रत्नागिरीला त्यांच्याही घरचे पेटीतले हापूस दुबईला जात आणि पानात पडत ते डागाळलेले.

तेवढ्यात बेल वाजली. काकांनी पटापट आलं किसलं आणि साली उकळत टाकल्या.

पाहुण्यांनी घोट घेतला. "वा, काका! कॉफी राहू द्या हो, हा चहाच पुन्हा टाका!"