रावणाचं मधलं तोंड

केसोरचं त्या दिवशी कशातच चित्त नव्हतं. उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. सावलीत निजलेल्या कुत्र्याला उगीच हाकललं. सिएम रीप शहरातल्या एका हॉटेलसाठी ती कैलास हलवणारा रावण कोरत होती. जुन्या देवळांतली शिल्पं नव्या दगडात उतरवण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. हे तिलाही पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे जिभेलाही छिन्नीइतकीच धार होती. आज मात्र ती जीभ टाळूला चिकटली होती.

रावणाचं मधलं तोंड वेउनसारखं झालं होतं.

वेउन तिचा पहिला नवरा. लाल ख्मेरांच्या राजवटीत वरून हुकूम आला आणि अनोळखी पोरापोरींना रांगेत उभं करून लग्नं लावली, त्यातलंच हे एक. जेमतेम एका पावसाळ्याचा संसार. मग तो कालवा खणायला गेला तो गेलाच. त्याच्यासोबत खणणारा थोल तेवढा परतला, वेउनचा पंचा घेऊन. पुढे तिने थोलशीच लग्न केलं, मुलं झाली, सून आली. वेउनचं नाव घरात कोणी काढलं नाही. त्याचा चेहरा आठवू म्हटलं तरी आठवत नसे, आणि आता छिन्नीने तो न विचारता समोर आणून ठेवला: रुंद नाक, जाड खालचा ओठ, एक भुवई जरा वर. तिला आधी रडू आलं, मग भीती वाटली.

आमच्या ख्मेर रामकथेत सीता भोळेपणाने रावणाचं चित्र काढते. ते काही केल्या पुसलं जात नाही, म्हणून गादीखाली लपवते. रामाला ते सापडतं आणि संसार मोडतो. केसोरने तर दगडात कोरलं होतं, आणि दगड घासून गुळगुळीत करायचं काम थोलचंच होतं.

तो आला तेव्हा त्या तोंडावर ओलं गोणपाट होतं. तो वरच्या कोपऱ्यातले पळणारे हत्ती घासू लागला.

"गोणपाट काढ की."

"राहू द्या. दगड तापलाय."

"दगडाला ऊन लागतं होय गं? मग छत्रीच धर रावणावर!"

त्यानेच गोणपाट ओढलं आणि बघत राहिला. केसोरने छिन्नी उचलली. नवऱ्याला ती आमच्याकडच्या रीतीने 'बोंग' म्हणे.

"बाजूला व्हा, बोंग. बिघडलंय. नाक उडवते."

थोलने तिचं मनगट धरलं. "बिघडलं कुठे? भुवई अशीच होती त्याची. चिखलाने माखला तरी मी तिच्यावरून ओळखायचो त्याला."

"मी मुद्दाम नाही केलं हो."

"मी काही म्हटलं का? दहा तोंडं आहेत रावणाला. एक वेउनचं असू दे." तो हसला, पण पाठ फिरवून. "बाकीची कोणाची करणार आहेस?"

बाजूची तोंडं अजून नुसते उंचवटे होती. तुमचीच, असं म्हणून तिने पुढच्या उंचवट्याला छिन्नी लावली आणि हात थांबला. इतकी वर्षं समोर बसून आंबवलेल्या माशांचं प्राहोक कालवून भात खाणाऱ्या माणसाचं नाक कसं आहे, ते तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"इकडे या," ती म्हणाली. तिने त्याला ओढून उजेडात बसवलं. "हलू नका."

"अगं, ते हत्ती राहिलेत—"

"जाऊ देत हत्ती. माझ्याकडे बघा."

थोलने पंच्याने तोंडावरची भुकटी पुसली आणि निमूट बसून राहिला.