थंड सप्लायचं कौतुक

लालबागच्या आमच्या मंडळात देखाव्याच्या एलईडी पट्ट्यांसाठी दोन पॉवर सप्लाय एकत्र जोडले होते. जोडले की भार निम्मा-निम्मा वाटला जातो, अशी अध्यक्षांची श्रद्धा. कामगार संघटनेची पत्रकं वाचत वाढलेल्या मला अशी आपोआप येणारी समता कुठे दिसली नव्हती. आरतीला दोन तास उरले असताना एक सप्लाय तापून बंद पडू लागला, मग एकट्या दुसऱ्याला अख्खा भार क्षणभरही झेपेना आणि देखावा सारखा विझू लागला.

अध्यक्षांनी दोन्हींना हात लावला. “हा भंगार, परत कर. हा दुसरा बघ, कसा थंडगार! याला म्हणतात क्वालिटी.”

“काका, तो थंड आहे कारण तो कामच करत नाहीये.” मी मीटर लावून दाखवलं. तापणाऱ्याचं व्होल्टेज किंचित जास्त होतं, म्हणून जवळजवळ सगळा करंट त्याच्याच माथी येत होता.

“तुला सगळीकडे शोषणच दिसतं रे!”

मी वाद सोडला, सप्लाय वेगळे केले आणि प्रत्येकाला निम्म्या पट्ट्या जोडून दिल्या. आरतीभर एकही दिवा विझला नाही. नंतर अध्यक्षांनी पुन्हा हात लावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“आता दोन्ही कोमट झाले. आधी निदान एक तरी चांगला होता.”