काखेतला फेस

कुस्तीत हरणाऱ्याला अस्मान दाखवलं, असं म्हणतात. त्या हिशेबानं सोलापूर जिल्ह्याचं अस्मान हिंदुरावइतकं बारकाईनं कुणी पाहिलं नसेल. बार्शीचं निळं, मोहोळचं पांढुरकं, करमाळ्याच्या जत्रेतलं धुळकट, सगळी आभाळं त्याच्या ओळखीची होती. भवानी पेठेतल्या तालमीत तो लग्नाआधीपासून जोर काढत होता. आता चाळिशीला टेकला, तरी भर मैदानात एकही कुस्ती त्यानं मारली नव्हती. अंगानं मात्र हा दरवाजा. बघणाऱ्याला वाटावं, गडी बैल उचलून आणेल. पण समोरच्यानं मांडीवर थाप मारली, की ह्याला आधी त्याच्या घरच्यांची खुशाली विचारावीशी वाटे. असल्या माणसानं विठोबासमोर उभं राहावं, कुस्तीच्या हौद्यात कशाला उतरावं? पण उतरत होता.

हरण्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. त्याचं दुखणं वेगळंच होतं. तालमीचे वस्ताद चांदसाब यांचा एक कायदा होता. ज्यानं मैदानात समोरच्याची पाठ मातीला लावली, त्यालाच ते ‘पैलवान’ म्हणत. बाकीच्यांना नुसतं नाव. पैलवानाचा शब्द तालमीत चालायचा, बाकीच्यांचा नाही. आणि वस्तादांच्या तोंडून शब्द निघाला, की अख्खी पेठ तोच धरायची, चहावाल्यापासून न्हाव्यापर्यंत. तालमीतल्याच भीमाला तो शब्द मिळाला होता. वास्तविक भीमाच्या समोरचा गडी ऐन वेळी पोट बिघडून खाली बसला आणि बसल्या बसल्या लवंडला. “पाठ लागली का न्हाय? लागली. मंग पैलवान,” एवढंच वस्ताद म्हणाले. हिंदुराव रोज पहाटे हौदा खणायचा, माती चाळायचा, तिच्यात ताक ओतायचा, आणि वस्ताद आत आले की कान टवकारायचा. “काय हिंदुराव,” वस्ताद म्हणायचे. त्याचे कान पुन्हा खाली यायचे.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. वस्तादांच्या बायकोचा, म्हणजे कमरबीचा भाऊ कुवेतला कामाला होता. त्यानं बहिणीसाठी जैतूनच्या, म्हणजे ऑलिव्हच्या तेलाचा एक मोठा डबा पाठवला. कमरबीनं आनंदानं त्यात भजी तळली. वस्तादांनी एक भजं खाल्लं आणि कधी हरतानाही केलं नव्हतं असं तोंड केलं. पण जैतून म्हणजे बरकतीचं झाड, ते तेल मोरीत ओतायचं कसं? त्यांनी डबा उचलला आणि हिंदुरावला दिला. हिंदुराव अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात धुलाई खात्यात होता. दिवसभर सोड्याच्या पाण्यात हात घालून त्याच्या कातडीला काळ्या रानासारख्या भेगा पडल्या होत्या.

“अंगाला लाव,” वस्ताद म्हणाले. “खाऊ नगं.”

डबा घरी आला आणि वच्छलाच्या, त्याच्या बायकोच्या, ताब्यात गेला. वच्छला नुकतीच महिला मंडळात साबण करायला शिकली होती. तिथं शिकवला होता खोबरेलाचा साबण. पण खोबरेल महाग, आणि तेल ते तेल, ह्यात काय शिकायचंय? असं तिचं म्हणणं. तिनं परसात पातेलं मांडलं, कॉस्टिकचं पाणी केलं, ते निवू दिलं, त्यात तेल ओतलं आणि लाकडी दांड्यानं ढवळायला घेतलं. मंडळात मिश्रण बघता बघता दाटायचं. हे मात्र ताकासारखं पातळ ते पातळच. तिचा हात दुखला तेव्हा हिंदुराव बसला. चूल पेटली, भाकरी झाल्या, तरी हा ढवळतोच आहे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या दंडांना बेताचं काम मिळालं होतं. अखेर ते पिठल्याइतकं दाटलं, तेव्हा वच्छलानं ओलं फडकं घातलेल्या खोक्यात ओतलं.

वड्या पडल्या त्या दिसायला खरवसासारख्या. फिकट पिवळ्या, त्यात हिरवी झाक, बोट दाबलं की खळगा पडेल अशा मऊ. हा साबण लोणच्यासारखा मुरू द्यायला हवा होता, चांगला सहा-आठ महिने फळीवर. पण घरातला साबण संपला होता आणि वच्छलाला धीर नव्हता. तिनं पहिली वडी ओली केली आणि वाट बघत बसली. फुगे येईनात. आला तो एक पातळ, सायीसारखा ओघळ. बोटं मिटली की नाहीसा, उघडली की बोटाबोटांत तार, भेंडी चिरताना सुटते तशी. शेजारच्या बजाबाईनं हात लावून पाहिला आणि लगेच लुगड्याला पुसला.

“वच्छे, ह्यो साबण हाय का शेंबूड?”

“लई मऊ हाय की त्यो,” हिंदुराव मध्येच म्हणाला.

त्याचं ते बोलणं काही बायकोची बाजू सावरण्यापुरतं नव्हतं. त्या साबणानं त्याच्या भेगा खरंच मिटल्या. दोन्ही हात एकमेकांवरून असे सरकत, की आपलेच हात आपल्याला सापडत नाहीत, असं वाटे. इतकी वर्षं अंगाला सोडा आणि माती यांखेरीज काही लागलं नव्हतं, तो माणूस आता मोरीत बसून स्वतःशीच हसू लागला. एकच खोड होती. ती बुळबुळ धुवायची म्हणजे तांब्यामागून तांबे पाणी लागे, आणि पाण्याची तर त्या साली सगळ्या गावात बोंब.

त्यातच वस्तादांनी त्याला बाजूला घेतलं. टेंभुर्णीच्या अलीकडच्या एका गावची जत्रा होती. “तुझी जोड लावलीय, हिंदुराव. टेंभुर्णीचा कोंडीबा. ट्रकवर पोती चढवतो. ही शेवटची. ह्यात जमलं तर जमलं, न्हायतर उद्यापासनं तू निस्ती माती चाळायची.”

म्हणजे तो शब्द मिळाला तर आता, नाहीतर कधीच नाही. हिंदुरावला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता त्या तालमीचा आणखी एक रिवाज. माती म्हणजे आई, तिच्यात अंघोळ केल्याबिगर पाय ठेवायचा नाही. मग दुष्काळ असो नाहीतर महापूर. जत्रेच्या दिवशी नळाला पाणी आल्या आल्या हिंदुराव मोरीत बसला. आज अंग कसं लख्ख हवं, म्हणून त्यानं अर्धी वडी डोक्यापासून तळपायापर्यंत चोळली. मग तांब्या नळाखाली धरला. नळ एकदा खोकला आणि गप्प झाला. बादली कोरडी. वच्छला शेजारी पाणी मागायला धावली, तर तिथंही ठणठणाट. बाहेर तालमीची लॉरी भोंगा वाजवत होती आणि वस्ताद भोंग्याच्या वरताण ओरडत होते. हिंदुरावनं कारखान्याच्या टॉवेलानं अंग पुसलं, कपडे चढवले आणि लॉरीत उडी मारली. वाटेत उन्हानं सगळं वाळून गेलं. कातडी जरा ताणल्यासारखी वाटली, बाकी काही नाही. पुढचं पुढं बघू, असं तो मनात म्हणाला.

हलगी कडाडली. सलामी झाली, दोघांनी एकमेकांच्या अंगाला माती लावली, आणि कोंडीबानं येता येताच त्याच्या मानेवर असा हात टाकला, की हिंदुरावला त्या गावचं आभाळ जवळजवळ दिसलंच. तरी तो टिकला. भर दुपारचं ऊन. थोड्या वेळानं हिंदुरावला घाम फुटला.

माणसाच्या तोंडाला फेस आलेला त्या गावानं पुष्कळदा पाहिला होता. काखेला फेस आलेला कुणी पाहिला नव्हता. आधी काखेत, मग मानेला, मग पाठीच्या पन्हळीतून लाल मातीत कालवलेला गुलाबी ओघळ सुटला. कोंडीबानं पट काढायला मांडीला मिठी मारली, तर मांडी मिठीतून निघून गेली. त्यानं मनगट धरलं, तेही गेलं. कंबर धरली आणि स्वतःच्याच हातांना मिठी मारून उभा राहिला. हलगीवाल्याचा ठेका चुकला.

“पंच! ह्यानं त्याल लावलंय!” कोंडीबा ओरडला.

पंच होते गुरुसिद्धप्पा, अक्कलकोटकडचे कानडी म्हातारे, कुस्तीच्या कायद्यात मुरलेले. ते हौद्यात उतरले. हिंदुरावच्या पाठीवरून त्यांनी बोट फिरवलं, हुंगलं, आणि कोण काय म्हणेल ह्याची पर्वा न करता जिभेला लावलं.

“एनप्पा हे! त्याल न्हवं. साबण हाय.”

वस्ताद पुढं सरसावले. “तेल लावलं तर कुस्ती बाद, असा कायदा हाय. अंघोळ केली तर बाद, असा हाय का?”

गुरुसिद्धप्पांनी विचार केला. असा कायदा नव्हता. मग त्यांनी निवाडा दिला, की गड्याला धुवावं आणि कुस्ती पुढं चालू करावी. पण धुवायचं कशानं? गावाच्या विहिरीला तळ लागलेला. हो-ना करत सरपंचांनी पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्यातली एक घागर दिली. ती हिंदुरावच्या डोक्यावर रिकामी झाली मात्र, इतका वेळ बिचकत आलेला फेस आता घर आपलंच असल्यासारखा बाहेर पडला. नाकावरून तार लोंबत होती. लोक झाडांवर चढले. अशी कुस्ती बरोबरीत सोडवू नका, असा त्यांचा एकच गलका.

आता कोंडीबाही माखला. धरायला दोघांनाही काही उरलं नव्हतं. हिंदुरावला तर उभं राहणंच जड. तो हात पसरून, पाय फाकवून, शेवाळलेल्या पायरीवरच्या म्हातारीसारखा जागच्या जागी थांबला आणि मनातल्या मनात देवाला म्हणाला, एकदाच रे बाबा. कोंडीबाचं डोकं फिरलं. तो हौद्याच्या टोकाला गेला, आरोळी ठोकली आणि रेड्यासारखा धावत सुटला. घागरीचं पाणी सांडलं होतं तिथं त्याचा पाय पडला. पुढचं सगळं त्यानं आडव्यानं केलं. हिंदुरावच्या फाकलेल्या पायांमधून तो सरळ निघून गेला आणि पलीकडं थांबला तेव्हा दोन्ही खांदे मातीला, तोंड वर, डोळे उघडे.

हिंदुरावनं मागं वळून पाहिलं. स्वतःच्या कुस्तीत उताणा पडलेला दुसरा माणूस तो उभ्यानं पहिल्यांदाच पाहत होता. “लागलं का वो?” त्यानं विचारलं.

गुरुसिद्धप्पांनी हात वर केला. चीत म्हणजे चीत. हिंदुरावला फेटा बांधला, तो डोक्यावरून घसरला, पुन्हा बांधला, पुन्हा घसरला. परतीच्या लॉरीत तो फेटा मांडीवर घेऊन बसला होता आणि सारखा वस्तादांच्या तोंडाकडे बघत होता. वस्ताद सोलापूरपर्यंत रस्त्याकडे बघत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते.

पेठेत लॉरी थांबली. वस्ताद तालमीकडे न वळता हिंदुरावच्या मागोमाग त्याच्या घरी आले. बातमी आधीच पोचली होती, दारात बजाबाईसकट सगळी आळी उभी. वच्छलानं घोंगडी अंथरली.

“साबण कुणी केला?” वस्तादांनी विचारलं.

“म्या केला की.”

“हिंदुराव, ऐक. त्या कोंडीबाची पाठ लागली, हे खरं. तुझा हात त्याला लागला न्हाय, हे बी खरं. मंग पाडला कुणी? येताना सगळा इचार केला म्या. पाडला साबणानं. आन साबणाला पैलवान म्हणायला मी काय येडा न्हाय. ज्यानं साबण केला, त्यानं पाडला.” वस्ताद उठले, त्यांनी छातीला हात लावून सलामी दिली. “वच्छलाबाई, तुमी पैलवान.”

“आगं बया!” बजाबाई म्हणाली.

 ज्या शब्दासाठी हिंदुरावनं उमेदीची वर्षं माती चाळली, तो त्याच्या दारात आला, त्याच्या देखत, आणि त्याला ओलांडून चुलीपाशी गेला. वस्तादांचं काही चुकलंही नव्हतं, हेच जास्त लागत होतं. रडू येत होतं आणि रडायला जागा नव्हती. त्यानं फेटा वच्छलापुढं ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

वच्छलानं फेट्याला हात लावला नाही. “वस्ताद, मी खरंच पैलवान का?”

“माझा शब्द फिरत न्हाय.”

“मग ह्यास्नी बी म्हना.”

“न्हाय. कायदा हाय.”

“नगा म्हनू. पैलवानाचा शबूद चालतो न्हवं?”

“चालतो,” वस्ताद म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला ‘अवो’ एवढीच हाक मारली होती. नाव घ्यायचं नाही, मग बाई दुसरं काय म्हणणार? ‘अवो’ला रस्त्यावरचा कुणीही वळून बघतो. तिनं पदर खोचला, उंबऱ्यावर उभी राहिली आणि तालमीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पैलवान! नळाला पाणी आलंय. आंगुळ करून घ्या.”

हिंदुराव दचकला. कुणी पैलवान आलाय की काय, म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं. मागं नुसती भिंत होती. मग त्यानं ओ दिली.