दादानं शोधलेलं कारण

शाळेत रक्तदान शिबिर होतं. पोरांपुढं आदर्श ठेवायचा म्हणून शिक्षकांनी आधी रक्त द्यायचं ठरलं होतं आणि मी पहिल्याच खुर्चीवर बसले होते. नर्सनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. मग दुसरा हात मागितला.

"मॅडम, तुम्ही रक्त देऊ नका," ती हळू आवाजात म्हणाली. "एकशेऐंशीवर एकशेदहा आहे. आजच डॉक्टरांना दाखवा."

मागं उभ्या असलेल्या पीटीच्या सरांनी ते ऐकलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या स्टाफरूमला कळलं. एकालाही आश्चर्य वाटलं नाही, हेच मला जास्त झोंबलं. "एवढं चिडल्यावर होणारच की," असं तोंडावर म्हणणारे दोघं निघाले. पाठीमागं किती, ते मोजायला मी गेले नाही.

मी नांदेडात मराठी शिकवते, सत्तावीस वर्षं झाली. वर्गात सत्तर पोरं, खिडकीला लागून रस्ता, त्यावर दिवसभर ऑटोंचे हॉर्न. ओरडल्याशिवाय मागच्या बाकापर्यंत कविता पोचत नाही. मी चिडते, हे खरं. पण त्या दिवसापासून माझा स्वभाव हाच एक आजार झाला आणि जो तो त्याचं निदान करू लागला. नवरा म्हणाला, "तू प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतेस," आणि पेपर उघडून बसला.

डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, मीठ कमी करा, चाला म्हणाले आणि रक्त तपासायला सांगितलं. गोळी मी सुरू केली. तपासणीचा कागद पर्समध्येच राहिला. ती चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

चौथ्या दिवशी नवऱ्यानं मला न विचारता लातूरला माझ्या थोरल्या भावाला फोन लावला.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचे वडील लवकर गेले आणि घरात त्याचा शब्द शेवटचा झाला. मला औरंगाबादला एम.ए.ला जायचं होतं, त्यानं बी.एड.ला घातलं. स्थळ त्यानंच आणलं, होकारही त्यानंच कळवला. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यानं सहा महिन्यांचा निसर्गोपचाराचा कोर्स केला, घराच्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकली आणि लोक यायला लागले. त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. आपण डॉक्टर नाही, हे त्यानं कुणाला सांगितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

"गोळी सुरू केलीस?" त्यानं फोनवर विचारलं.

"चार दिवस झाले."

"बंद कर आजच्या आज. एकदा लागली की जन्माची लागली. दिवाळीच्या सुट्टीत हिकडं ये. आपण कारण शोधू. कारण गेलं की रोग जातोच. तुझ्या वहिनीचं बघ की. तीन वर्षं झाली, एक गोळी न्हाई."

वहिनी म्हणजे त्याचा पुरावा होती. तिचाही रक्तदाब वाढलेला होता आणि तो रस, उपास आणि मातीच्या पट्ट्यांनी उतरवला, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. मी गोळी बंद केली. त्यानं सांगितलं म्हणून, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण पन्नाशी ओलांडल्यावर जन्मभराची गोळी नको, असं मलाही वाटत होतं. माझ्या मनात होतं तेच तो बोलला.

भाऊबीज झाल्यावर मी लातूरला गेले. दहा दिवस राहायचं ठरलं होतं.

पहाटे पाचला दुधीचा रस. मग पोटावर ओल्या मातीची पट्टी, अर्धा तास प्राणायाम, नाश्त्याला भिजवलेले मूग. चहा बंद, मीठ बंद. आणि दिवसातून तीनदा वाटीभर ज्येष्ठमधाचा काढा. हा काढा मला नवा नव्हता. दोन वर्षांपूर्वी वर्गात ओरडून माझा आवाज बसला होता, तेव्हापासून दादा मला ज्येष्ठमधाची पूड पाठवत होता. सकाळी एक वाटी काढा आणि शाळेत दिवसभर तोंडात काडी, असं माझं चाललेलंच होतं. घशाला खरोखरच बरं वाटायचं. "हे थंड असतं," दादा म्हणाला, "रागावर उतारा आहे. आता तीनदा घ्यायचं."

दहा ते एक त्याचे पेशंट यायचे. तो मला तिथंच सतरंजीवर बसवून घ्यायचा.

"ही माझी धाकटी बहीण. शिक्षिका हाय नांदेडला," तो सगळ्यांना सांगायचा. "हिचा रक्तदाब कुठून आला म्हणता? हिच्या जिभेतून."

लोक हसायचे. निलंग्याकडून आलेला एक धोतरवाला म्हातारा मला म्हणाला, "बाई, मौन धरा. लई फायदा हाय." मी मान हलवली. माझे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी दादानं एक वही दिली. "कुणाकुणाचा राग येतो ते लिही. काही लपवू नको. हेच खरं निदान."

मी लिहिलं. मुख्याध्यापकांवर अर्धं पान झालं. नवऱ्यावर एक पान. मग दादाचं नाव लिहिलं आणि हात थांबेना. एम.ए.चं लिहिलं, लग्नाचं लिहिलं, आई आजारी असताना मला आठ दिवस कळवलंच नाही ते लिहिलं. चार पानं झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं वही उभ्याउभ्याच वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"असलं जुनं उकरत बसतीस म्हणूनच चढतंय तुझं."

"तूच लिही म्हणालास."

"मी कारण लिही म्हणालो. आरोप न्हाई."

वही त्यानं कपाटात ठेवली. मी परत मागितली तर म्हणाला, "राहू दे. अभ्यासाला लागेल."

चौथ्या दिवसापासून माझ्या पिंढऱ्यांत गोळे यायला लागले. पायऱ्या चढताना मांड्यांत जोर राहीना. दादाच्या मशीनवर एकशेनव्वद दिसलं. तो म्हणाला, "रोग बाहेर पडताना आधी उसळतो." सहाव्या दिवशी तो उदगीरला व्याख्यानाला गेला होता. मी गच्चीवर धुणं वाळत घालायला निघाले आणि जिन्याच्या मध्यावर दोन्ही गुडघे वाकले. पडले नाही, बसले. पण उठता येईना. ओले कपडे मांडीवर घेऊन मी तिथंच बसून राहिले. शेवटी वहिनीला हाक मारली.

वहिनी निलंग्याजवळच्या खेड्यातली. पस्तीस वर्षांत दादापुढं तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. ती घरात हलक्या पावलांनी वावरायची. मी तिला भित्री समजत होते, आणि मनातल्या मनात तिचाही राग करत होते. तिनं मला काखेत हात घालून उठवलं, स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं. मग फळीवरचा हरभऱ्याच्या डाळीचा डबा काढला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं गोळ्यांचं पाकीट वर काढलं.

"हे काय?"

"बीपीच्या. रोज एक घेते."

"दादाला ठाऊक आहे?"

"न्हाई." तिनं पाकीट परत गुंडाळलं. "त्यांचं समदं केलं मी. रस प्याले, माती लावली, उपास धरले. उतरंना. एक दिवस डोळ्यापुढं अंधारी आली. मग भाजीला जाते म्हणून डॉक्टरीणबाईकडं गेले. तीन वर्षं झाली. ताई, तुमचे पाय बघून मला भ्या वाटायलंय. चला, ते यायच्या आत जाऊन येऊ."

त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. रक्तदाब मोजला. रागाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. पायांबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, "औषधं सोडून काय काय घेता? घरगुती, आयुर्वेदिक, काहीही. सगळं सांगा."

मी दुधीचा रस सांगितला, भिजवलेले मूग सांगितले. काढा सांगायचा राहिलाच होता, तो मी औषधात धरलेलाच नव्हता. वहिनीनं आठवण करून दिली.

त्यांचा पेन थांबला. "ज्येष्ठमध? किती? किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं. रोज. आता दिवसातून तीनदा."

त्यांनी रक्त घेतलं आणि मला दाखल करून घेतलं. शरीरातलं पोटॅशियम फार खाली गेलेलं निघालं. त्यांनी समजावलं की ज्येष्ठमध जास्त आणि रोज घेतला तर अंगात मीठ-पाणी साठून राहतं, पोटॅशियम निघून जातं, पाय लुळे पडतात आणि रक्तदाब चढतो. "थोडा घशाला ठीक असतो. असा वाटीवाटीनं नाही. आधी हा बंद करा, मग बघू तुमचा स्वतःचा रक्तदाब किती उरतो ते."

दोन दिवस मी तिथं पडून होते. वहिनी डबा घेऊन यायची. "मला न विचारता दवाखान्यात गेलीस," एवढाच दादाचा मला निरोप तिच्याबरोबर आला. तो स्वतः आला नाही.

तिसऱ्या दिवशी बॅग घ्यायला मी घरी गेले. सकाळचे अकरा वाजलेले, सतरंजी भरलेली. मी रिपोर्ट त्याच्यापुढं धरला आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तो रिपोर्टकडं न बघता बोलला.

"आज्यापणज्यापासून आपण ज्येष्ठमध खातो. कुणाला झालं काही?"

"काडी चघळत होते ते. वाट्या पीत नव्हते. माझं कारण तू शोधत होतास ना? हे घे. तूच पाठवत होतास."

"त्या डॉक्टर लोकांचा धंदा असतो, त्यांना गिऱ्हाईक पाहिजे." मग तो माझ्याकडं पाठ करून लोकांना म्हणाला, "कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्या घरातली बाई बघा. तीन वर्षं झाली. एक गोळी न्हाई."

वहिनी आतल्या दारात उभी होती, हातात पाण्याच्या पेल्यांचं ताट. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. नको, असं ती मान म्हणत होती. मी ते पाहिलं. पाहूनही मी म्हणाले, "हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात हात घालून बघ."

तो ओरडला नाही. आत गेला. डबे काढल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. परत आला तेव्हा त्याच्या बाह्या डाळीच्या चुरीनं पिवळ्या झालेल्या होत्या. त्यानं ते पाकीट सगळ्यांदेखत वहिनीपुढं धरलं.

"हे काय?"

"गोळ्या."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

लोक एकेक करत उठले. चपला घालून बाहेर पडले. दादा खुर्चीवर बसला आणि भिंतीकडं बघत राहिला. एवढा म्हातारा तो मला आधी कधी दिसला नव्हता, आणि मला त्याची दया आली नाही.

वहिनीनं माझी बॅग भरून दारात आणून ठेवली. मी तिचा हात धरायला गेले, तिनं मागं घेतला.

"तुम्हाला राग काढायचा होता, काढलात," ती म्हणाली. "राहायचं मला हाय हितं."

मी एसटीत बसले. खोटं कशाला सांगू, अहमदपूर येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं. दादाच्या पिवळ्या बाह्या आठवून मी दोनदा हसलेही. लोहा गेल्यावर वहिनीचा मागं घेतलेला हात आठवला. मग नांदेडपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते, पण काय दिसलं ते विचाराल तर सांगता येणार नाही.

काढा बंद केल्यावर पाय आठ-दहा दिवसांत जागेवर आले. रक्तदाब उतरायला दीड महिना लागला. पूर्ण उतरला नाही. थोडा माझा स्वतःचाच निघाला आणि त्यासाठी एक छोटी गोळी रोज घेते. संध्याकाळी चालते, लोणचं-पापड सोडलंय. स्वभाव बदलला नाही. मुख्याध्यापकांशी गेल्याच आठवड्यात भांडले आणि घरी येऊन मोजलं तर आकडा बरोबर होता. तो मी नवऱ्याला मुद्दाम दाखवला. तो म्हणाला, "मशीन बिघडलं असेल."

वहिनी आता उघडपणे गोळी घेते, असं भाच्याकडून कळलं. दादानं डाळीचा डबा फेकून दिला, पण गोळ्या नाही फेकल्या. माझे फोन मात्र ती उचलत नाही. मी दर रविवारी लावते. रिंग पूर्ण वाजते.

मागच्या महिन्यात धर्माबादहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याला रक्तदाबाचा त्रास होता, लातूरच्या डॉक्टरसाहेबांकडं न्यायचं होतं, आणि मी त्यांची बहीण असल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. काढ्याचं, पायांचं, रिपोर्टचं. आधी रक्त तपासा म्हणाले, गोळी बंद करू नका म्हणाले. चांगला अर्धा तास बोलले. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"हाव मॅडम," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्ही असंच सांगणार, हे डॉक्टरसाहेबांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. बहिणीच्या मनात लई राग हाय, म्हणाले. त्यांच्याकडं तुमच्या हातची वही हाय. सगळ्यांना दाखवतात ते."

मी फोन ठेवला नाही. "तुमच्या मिस्टरांना द्या," म्हणाले. ते फोनवर आले, आणि मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.