बुधवारच्या मनुका

लिहिण्याप्रमाणेच शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, पाळण्यासही मी फार उशिरा सुरुवात केली. माहेरी आम्ही स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, म्हणवून घेत असलो, तरी वर्षातून एक मोठा उपास केला की आमचा धर्म संपत असे. सासरी शब्बाथ पाळला जाई. पण शनिवारी माझे सरकारी कार्यालय चालू असे. पुढे पाच दिवसांचा आठवडा झाला आणि सबब उरली नाही. तोवर माझी पन्नाशी उलटली होती, यजमान वारले होते आणि नाशिक रोडच्या घरात बाबा, म्हणजे माझे सासरे, व मी असे दोघेच उरलो होतो.

सासऱ्यांना शब्बाथ पाळावा लागत नसे. ते त्याची वाट पाहत. वाट मीही पाहत असे, पण ती आडवे होण्याची. हे कबूल करताना संकोच वाटतो. त्यांच्या सहवासात राहून त्यांच्यासारखी ओढ आपल्यालाही लागावी, एवढीच माझी इच्छा होती.

बुधवारी संध्याकाळी ते मांडीवर ताट घेऊन काळ्या मनुका निवडायला बसत. वाइनसाठी नाव असलेल्या या जिल्ह्यात राहूनही आमच्याकडे शब्बाथ सुरू करताना शुक्रवारचा आशीर्वाद म्हणतात तो मनुकांच्या शरबतावरच. एकेक देठ खुडायचा, गुरुवारी रात्री मनुका भिजत घालायच्या, शुक्रवारी दुपारी त्या कुसकरून मलमलीच्या फडक्यातून पिळायच्या. त्यांचे हात थरथरत; देठ सतरंजीभर होत, ओट्याखालची फरशी चिकट होई. कार्यालयातून धावत येऊन, शब्बाथमध्ये चूल पेटवायची नाही म्हणून सूर्यास्तापूर्वी दोन दिवसांचा स्वयंपाक उरकून, वर ती फरशी पुसताना माझ्या मनात जे येई, ते शब्बाथचा दिवा लावणाऱ्या बाईच्या मनात येऊ नये.

एका रविवारी मी चार आठवड्यांचे शरबत एकदम करून बाटल्यांत भरले आणि फ्रीझरमध्ये ठेवले. बाबांना सांगितले की आता तुम्हाला त्रास नको. ते काही बोलले नाहीत, आणि मी ती संमती समजले. शिकलेल्या माणसाला स्वतःची सोय ही दुसऱ्याचीही सोय वाटू लागते.

दोन शुक्रवार घड्याळाच्या काट्यावर पार पडले. तिसऱ्या शुक्रवारी मी घरी आले, तेव्हा बाबा कालच्याच सदऱ्यात पलंगावर बसले होते. एरवी ते दुपारीच न्हाऊन, पांढरा सदरा घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून दाराकडे तोंड करून बसलेले असत. दिवा लावायची वेळ होत आली, असे मी म्हटले.

“आज शुक्रवार?” त्यांनी विचारले. मग म्हणाले, “मला कुणी काही करायलाच दिलं नाही, सूनबाई. मग कळणार कसं?”

आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मला ते अधिक लागले. त्यांनी घाईने अंघोळ केली आणि ओल्या केसांवरच टोपी घातली. मी दिवा लावून डोळे झाकले, पण मागायला काही सुचेना. त्यांनी आशीर्वाद म्हटला. एक शब्द चुकला नाही. पण नोटीस वाचून दाखवावी तसा म्हटला. ज्या माणसाकडून वाट पाहणे शिकायचे होते, त्याच्या हातातली वाट मीच काढून घेतली होती.

पुढच्या बुधवारी मी कार्यालयातून येताना मनुका आणल्या. चौथ्या बाटलीचे काय करायचे, म्हणून विचारले. उन्हाळ्यात पाहुणे आले की पिऊ, असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. पाय ठणकत होते. तरी दुसरे ताट घेऊन मी त्यांच्याजवळ सतरंजीवर बसले. थकवा काही गेला नाही. मधूनच डोळा लागत होता. तरीही निवडता निवडता मनात आले की या शुक्रवारी नारळाच्या रसातला भात करावा, त्यांचा सदरा कडक इस्त्रीचा असावा. बुधवारी शुक्रवारचा विचार मी याआधी फक्त धास्तीने केला होता.

बाबांनी माझे ताट स्वतःकडे ओढले आणि चष्मा वर सरकवून पाहिले.

“निम्म्यांचे देठ तसेच आहेत,” ते म्हणाले. “एवढी घाई कसली? अजून दोन दिवस आहेत.”

ते दोन दिवस, निदान त्या संध्याकाळी तरी, मला लांब वाटले.